दात पडलेला जंतू

ती माझी सख्खी धाकटी बहीण. सख्खी, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तिचा विषय निघाला की लांबलांबचे नातलग पुढे घुसतात. मी शाळेला लवकर रामराम ठोकला आणि गॅरेज टाकलं. ती थेट भाजीपाल्याच्या संशोधनात. डोकं मात्र आमच्या घरचंच.

टोमॅटोला मर रोग लागतो. मातीतला जंतू मुळात शिरतो आणि सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी हिरवंच्या हिरवं मान टाकतं. कसल्याच फवारणीला दाद देत नाही. रानटी, बोराएवढ्या, कडवट टोमॅटोत टिकाव धरायची ताकद होती. ती तिला गोड, मोठ्या फळात आणायची होती. चिमट्याने कळी उघडायची, पराग लावायचा, देठाला रंगीत दोरा बांधायचा. मग नव्या रोपांच्या मुळाशी जंतूचं पाणी ओतायचं. मरेल ते फेकायचं, तगेल ते पुढे न्यायचं. यात नऊ वर्षं गेली. लग्नाचं काढलं की म्हणायची, "दादा, आधी ही पोरं जगू देत."

शेवटी जगली! लालभडक, मुठीएवढी फळं. गॅरेजला हवा भरायला आलेल्यालाही मी ऐकवल्याशिवाय सोडला नाही.

मग ती जात पहिल्यांदा बाहेरच्या शेतात लावली आणि महिन्याच्या आत अख्खं शेत आडवं झालं.

तिने मेलेल्या झाडाचं खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं. दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला. तोच जंतू. मग चूक कुठे? चूक तिच्याच बाटलीत होती. विरजण राखावं तसा तिने जंतू या बाटलीतून त्या बाटलीत राखला होता. असा आयता पोसलेला जंतू मवाळ होत जातो. त्याला मधूनमधून जिवंत झाडात सोडून पुन्हा तिखट करून घ्यावं लागतं, तेच राहिलं होतं. तुलनेला शेजारी लावलेली नाजूक जात तेवढ्यानेही मरायची, म्हणून कुणाला शंका आली नाही. दात पडलेल्या वाघासमोर उभं करून तिने आपली पोरं शूर ठरवली होती.

शेतातला तिखट जंतू आणून तिने ग्रीनहाऊसमधल्या आपल्या निवडक झाडांना दिला. थोड्या दिवसांनी मी डबा घेऊन गेलो.

"काय गं बुटके, उभी आहेत की सगळी!"

"ऊन चढू दे, दादा."

ऊन चढलं आणि एकेक झाड खाली लोंबायला लागलं. संध्याकाळपर्यंत एकच उरलं, कोपऱ्यातलं.

"हे नाही पडायचं," मी म्हणालो. "आपल्या घरचं आहे."

"तुझ्यासारखं हट्टी?"

"मग! तू काय कमी आहेस?"

ती हसली नाही. "एवढं एक राहिलं ना, तरी त्याच्यावरून पुन्हा सुरुवात करता येईल. हेही गेलं तर माझ्याकडे काहीच नाही रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी पोचलो. त्याचाही शेंडा लोंबत होता. मी तो दोन बोटांनी वर उचलून धरला. मागून ती आली.

"सोड, दादा."

"थांब जरा. पाणी कमी पडलं असेल."

तिने खाली वाकून झाड मुळासकट उपटलं आणि जाळायच्या पोत्यात कोंबलं.