चाचांच्या चार लेकी

यंत्रांना जीव असतो असं मानणारी माणसं जगात पुष्कळ असतील. दसऱ्याला तर आपण सगळेच मानतो. पण यंत्रांना नातेवाईक असतात, त्यांच्यात मानपान असतो, रुसवेफुगवे असतात, सोयरीक असते आणि सुतकही असतं, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे खोलीमालक. अख्खं चौसाळा त्यांना चाचा म्हणतं, म्हणून मीही चाचा म्हणतो. हायवेलगतच्या दूध डेअरीत ते कॉम्प्युटर सांभाळायचे. त्याआधी बीडला टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. टेपचा जमाना गेला तसे ते इकडं वळले. दोन्हींत फरक काय, असं विचारलं तर म्हणत, "टेप अडकली की दिसती, ह्यात दिसत न्हाई. बाकी सगळं तेच हाय."

डेअरीच्या आतल्या खोलीत कपाटाएवढा एक जुना सर्व्हर होता. युनिक्स नावाच्या कशावर तरी तो चालायचा. कुणाचं दूध किती, फॅट किती, हे सगळं त्याच्या पोटात. आणि कुठल्या कामाचा कागद कुठल्या प्रिंटरनं छापायचा हेही तोच ठरवायचा. या सर्व्हरला चाचा 'भाई' म्हणत, आणि प्रिंटर चार होते त्या भाईंच्या चार लेकी. हिशोबाच्या टेबलावरची थोरली, दूध तपासतात तिथली मधली, मग रुसकी आणि धाकटी. म्हणजे चाचा नात्यानं खरोखरच चाचा लागत होते. सकाळी आले की आधी भाईंना सलाम, मग लेकींची विचारपूस, मग आम्हा माणसांचा नंबर. लाइट गेली की जनरेटर आधी भाईंना आणि मग डेअरीच्या मालकांच्या एसीला, हा नियम त्यांनी मालकांच्या तोंडावर सांगून पाळला. भाईंना त्यांनी कितीतरी वर्षं बंदच केलं नव्हतं. कुणी म्हटलं की कधीतरी बंद करून चालू करावा, मशीनला बरं असतं, तर उत्तर ठरलेलं: "झोपलेल्याला उठवावं. जाग्या माणसाला कावून झोपवायचं?" उन्हाळ्यात खिडकीला ओलं पोतं बांधून ते भाईंना गार वारा घालीत, आणि घरी चाची विनापंख्याच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत असे. चाची सांगायची की यांच्या एकुलत्या लेकीचा निकाह लागत होता तेव्हा हे मांडवाच्या मागं बसून कूलरची मोटर खोलत होते, काझीनं तीनदा हाक मारली, तर आतून आवाज आला, "एक स्क्रू राहिलाय."

मी या माणसाच्या पदरात कसा पडलो तेही सांगतो, कारण त्यातही त्यांचाच स्वभाव आहे. मी भंडाऱ्याकडचा. तांदळाच्या ट्रकवर क्लीनर होतो. ट्रक चौसाळ्याला बसला तो उठलाच नाही. मालकानं तो तिथंच भंगारात विकला आणि मी चहाच्या टपरीवर बसून गावाकडं कसं जावं याचा विचार करीत राहिलो. शेजारी चाचा चहा फुंकत होते. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, वाचता येतं का. मी म्हणालो, सातवी नापास आहे जी, आकडे आणि नावं वाचता येतात. मग डेअरीतल्या कामाचं ऐकून मी पार घाबरलो, तसं ते म्हणाले, "कावून घाबरतो बे? प्रिंटर तर बालवाडीत बी गेला न्हाई." दुसऱ्या दिवशी मी पावतीच्या खिडकीत होतो आणि रात्री त्यांच्या मागच्या खोलीत. 'का'ला आमच्याकडं 'काहून' म्हणतात, इथं 'कावून'. एवढ्या एका शब्दाच्या आधारानं मी बीड जिल्ह्यात तग धरला. बाकी सगळंच परकं होतं. ज्वारीच्या भाकरीनं पोट भरायचं पण जेवल्यासारखं वाटायचं नाही, हे मी कुणाला बोललो नव्हतो. तरी चाचीनं कुठून ओळखलं कोण जाणे, दर शुक्रवारी माझ्यापुरता भात व्हायला लागला.

माझं काम सोपं. दूध मोजलं की प्रिंटर खर्रखर्र करीत दुहेरी पावती काढायचा. पांढरा कागद दूधवाल्याला, गुलाबी ऑफिसला. मी तो फाडायचा, नाव वाचून हाक मारायची. प्रत्येक पावतीच्या वर दोन ओळी रिकाम्या सुटायच्या. मी कागद वाचवावा म्हणून चाचांना सांगितलं की या दोन ओळी वाया जातात. ते म्हणाले, त्या त्यांनी मुद्दाम भाईंना सांगून सोडल्यात. "दाराला वसरी नको का? आला-गेला बसतो." आणि खरंच, त्या वसरीवर लोक काय काय बसवायचे. कुणी तिथं म्हशीच्या डॉक्टरचा मोबाईल नंबर लिहायचा, कुणी बायकोनं सांगितलेलं सामान.

एका उन्हाळ्यात, ओल्या पोत्याला न जुमानता, भाई गेले. सकाळी चाचा सलाम करायला गेले तर उत्तर नाही. ते दोन दिवस जेवले नाहीत. चाची म्हणाली, "पोटच्या लेकीच्या पाठवणीला डोळ्यात थेंब न्हाई, आन् पत्र्याच्या डब्यासाठी रडाय लागले." पण तिनंही त्या दोन दिवसांत घरात गोडधोड केलं नाही. मालकांना सुतक पाळायला वेळ नव्हता. त्यांनी नवा सर्व्हर मागवला आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, की प्रिंटर जुने आहेत, नव्याशी जमले तर ठीक. "सोमवारी सकाळच्या दुधाला पावती निघाली तर निघाली. न्हाईतर लोकांना मोबाईलवर मेसेज जाईल. खिडकी बंद." खिडकी बंद म्हणजे मी बंद. चाचा माझ्याकडं बघत नव्हते. मधल्या दिवसांत मी हातानं पावत्या लिहून देत होतो, आणि माझा सात एकासारखा दिसतो म्हणून लोक दूध परत न्यायला निघाले होते. तेव्हा हातावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

पुण्याहून कंपनीनं एक इंजिनिअर मुलगी पाठवली. हसरी होती, मला दादा आणि चाचांना काका म्हणायची. तिनं पिशवीतून नवा सर्व्हर काढला तर तो जेवणाच्या डब्याएवढा. चाचांचा चेहरा उतरला. "स्थळ लहान हाय," ते हळूच मला म्हणाले. ती म्हणाली की काका, जुन्यापेक्षा कितीतरी पट ताकद आहे. चाचा म्हणाले, "मुलाकडचे असंच सांगत्यात." दर शुक्रवारी नमाज झाल्यावर चाचा भाईंच्या पोटातल्या सगळ्याची नक्कल करून ठेवीत, त्यातून प्रिंटरच्या सूचनांची फाइल तिनं पाच मिनिटांत नव्यात उतरवली आणि म्हणाली, झालं. चाचांना हे पटेना. बाप गेल्यावर लेकी उजवायची जबाबदारी चाचाची. आणि कुठं फाइल पाठवून लग्नं होतात का? तिनं समजावलं की वायर आहे, सगळं इथूनच जोडलेलं आहे. तरी त्यांनी दुधाच्या कॅनची ढकलगाडी आणली, चाचीची भरतकामाची उशी मागवली, उशीवर नवा सर्व्हर ठेवला आणि मिरवणूक काढली. मी मागून वायर सांभाळत होतो. ती मुलगी आधी लाजली, मग तिलाही मजा वाटू लागली. प्रत्येक प्रिंटरपाशी गाडी थांबे, चाचा ओळख करून देत: ही थोरली, हिला कागद जाड लागतो, ही मधली, हिला घाई केलेली चालत न्हाई. मुलगी ते ऐकून काही बदल करी, प्रिंटरचं नाव घेऊन एक कागद काढी. खिडकीत रुसकी, ती तीन वेळा अडकून मग बोलली. पशुखाद्याच्या गोदामात धाकटी, ती पहिल्या हाकेला बोलली. चारही लेकींनी ओ दिली. चाचांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि त्या रात्री ते जेवले.

सोमवारी सकाळी खिडकीपुढं रांग. मालक खुर्ची टाकून समोर. पहिलं दूध मोजलं, मुलीनं कळ दाबली, मी हात पुढं करून बसलो. रुसकी गप्प. दुसरं दूध मोजलं. रुसकी गप्प. चाचांनी तिला गोंजारलं, दमदाटी केली, पाठीवर थाप मारली. रांगेतून एक जण म्हणाला, "चाचा, सासरी धाडली आन् मुकी झाली का वो?" सगळे हसले, मालक नाही. माझ्या कानांत नुसतं घूं वाजत होतं आणि भंडाऱ्याला जाणारी गाडी दिसत होती. तेवढ्यात त्या घूंच्या पलीकडून, लांबून, मला ओळखीचं खर्रखर्र ऐकू आलं. मी उठून पळालो. गोदामात, सरकीच्या पेंडीच्या पोत्यांमागं धाकटी एकटी बसून आनंदानं पावत्यांमागून पावत्या काढत होती.

मग मी काय केलं, तर पळत राहिलो. गोदामातून खिडकीत, खिडकीतून गोदामात. धापा टाकत नाव वाचायचं, कागद फाडायचा, परत पळायचं. रांग हलायला लागली. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, असं काय रोज पळणार का. मेसेजच बरा, उद्यापासून मेसेज. मी जागच्या जागी थांबलो. खिडकीपाशी तेव्हा नेकनूरकडची एक म्हातारी होती. सगळ्यांत कमी दूध तिचं असायचं आणि सगळ्यांत जास्त वेळ पावती वाचणारी तीच. तिनं माझ्या हातातला कागद काढून घेतला, घडी घालून कनवटीला लावला आणि मालकांना म्हणाली, "बाबा, मोबाईल नातवाकडं हाय. दूध माझं हाय." मागून बायकांचं हूं हूं सुरू झालं. मालकांनी रांगेकडं पाहिलं, ओतायचं सोडून धरून ठेवलेल्या भरल्या कॅनकडं पाहिलं, आणि खुर्ची उचलायला सांगितली. जाताना म्हणाले, "खिडकी राहू द्या. पण ह्याला पळवू नका, मरंल."

घोटाळा काय झाला तो चाचांना तोवर आठवला होता. फार मागं, एका पावसाळ्यात खिडकीचं छत गळायला लागलं. धाकटी सगळ्यांत नवी, लाडकी, भिजेल म्हणून तिला गोदामात ठेवली आणि तिच्या जागी रुसकीला बसवलं. दोन दिवसांपुरतंच होतं, म्हणून चाचांनी फाइलीत काही लिहिलं नाही. भाईंना नुसतं तोंडी सांगितलं की धाकटीचं आलेलं काम रुसकीला द्या, रुसकीचं धाकटीला. तशी चालू मशीनला सूचना देता येते, मशीन बंद होईतो ती राहते. आणि भाईंना तर कुणी कधी झोपवलंच नाही. इतकी वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. मिरवणुकीत प्रत्येकीला तिच्याच नावानं हाक मारली म्हणून कळलं नाही, पण पावतीचं काम फाइलीत अजून धाकटीच्याच नावावर होतं. "लिहिलेलं सगळं आलं," चाचा म्हणाले, "सांगितलेलं तेवढं भाईंसंगं गेलं."

मुलगी म्हणाली, काही अवघड नाही काका, फाइलीत एक ओळ बदलते. चाचांनी हात धरला. बापानं लिहून ठेवलंय की धाकटी खिडकीत बसेल, तर ती खिडकीतच बसेल. चूक आपली, तिला गोदामात आपण ठेवली. मग पुन्हा ढकलगाडी, पुन्हा उशी, आणि धाकटी स्वतःच्या घरी आली. जाताना मुलीनं विचारलं, काका, वर दोन ओळी वाया जातात, काढून टाकू का? चाचा काही बोलायच्या आत मीच म्हणालो, राहू द्या ताई. चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि उरलेला पेढा माझ्या हातावर ठेवला.

आता चाचा डेअरीत येत नाहीत. डोळ्यांनी दगा दिला. ओट्यावर बाजेवर बसून असतात. भाईंना त्यांनी भंगारात जाऊ दिलं नाही. शेजारीच उभे आहेत, डोक्यावर पाण्याचा माठ. चाची म्हणते, चला, जन्मात पहिल्यांदा घराच्या कामी आले. मी अजून मागच्याच खोलीत आहे, बायकोही इकडंच आली, आणि शुक्रवारचा भात आता दोन पातेल्यांत शिजतो. संध्याकाळी मी परतलो की चाचा विचारतात, "धाकटी कशी हाय?" मी म्हणतो, "नांदती जी." खरं म्हणजे गेल्या उन्हाळ्यात धाकटी गेली. तिच्या जागी नवा प्रिंटर आला, आवाज न करणारा; त्या मुलीनंच फोनवरून बसवून दिला. मला सांगायचं धाडस झालं नाही.

परवा चाचांनी अचानक पावती मागितली. खिशात एक होती ती दिली. त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. धाकटी टोचून टोचून लिहायची, तिची अक्षरं कागदाच्या पाठीवर हाताला लागायची. हा कागद गुळगुळीत होता. ते अंगठा फिरवीत राहिले, फिरवीत राहिले. आत चाचीच्या भाकरीचा आवाज तेवढा येत होता.

"वर दोन ओळी सोडल्यात का रे?" त्यांनी विचारलं.

"सोडल्यात जी."

"मंग बसंल कुणी बी येऊन," ते म्हणाले, आणि पावती घडी घालून टोपीत ठेवली.