न निघालेल्या लेन्सचा सौदा

अन्वरनं मला फसवलं, आणि त्याच्या धाकट्या भावानं, युसूफनं, त्याला साथ दिली. हे आधीच लिहून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच लिहितात, ते मीही पुढे लिहिणार आहे, पण ते वाचून कुणी असं समजू नये की माझा राग गेला. परतूरहून युसूफचा फोन आला तेव्हा मी जालन्यातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा जुना कॅमेरा तपासत होतो. ‘भाई गेले,’ एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, गाडीवरून पडला का? लग्नसराई चालू होती, फोटोग्राफर मोटारसायकलवर गावोगाव हिंडत असतात, मला दुसरं काही सुचलंच नाही. तो म्हणाला, ‘न्हाई शेठ. लई दिवसांपास्नं आजारी होते भाई. रक्ताचा कॅन्सर होता.’ आदल्याच आठवड्यात हा माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसून दुपारभर भांडून गेला होता. मी फोन ठेवला आणि त्या गिऱ्हाइकावरच ओरडलो, कॅमेरा नीट ठेवता येत नाही का म्हणून.

मी परतूरच्या आठवडी बाजारात फोटोचे अल्बम विकत मोठा झालो. जालन्यात जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान काढलं ते माझ्या जिभेवर. सौद्यात मला कुणी हरवलेलं नाही, असं मी सांगत असतो आणि ते खरं आहे. अन्वर लग्नाचे फोटो काढायचा. माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा एका लेन्सवरून आमची एवढी जुंपली की शेजारचा टेलर मशीन थांबवून बघायला आला. शेवटी लेन्स माझ्याकडेच राहिली आणि अन्वरही राहिला. तो फक्त प्राईम लेन्स वापरायचा, म्हणजे झूम न होणारी, एकाच अंतराची. जवळचं पाहिजे तर पुढं सरका, लांबचं पाहिजे तर मागं. आणि ती उजेड भरपूर आत घेणारी लागायची, कारण फ्लॅश त्याला चालत नसे. नवरीच्या पाठवणीला तिची आई रडत असते, अशा वेळी तिच्या तोंडावर फ्लॅश मारणं म्हणजे घरात न विचारता शिरणं, असं तो म्हणायचा.

आमचा एक खेळ होता. आत आरसा नसलेले नवे मिररलेस कॅमेरे आले आणि जुन्या लेन्सा मागं पडायला लागल्या, तेव्हा नव्या कोणत्या निघणार याच्या अफवा आम्ही दोघं मोबाईलवर बघत बसायचो. त्यातून हे सुरू झालं. मी कंपनी व्हायचो आणि तो गिऱ्हाईक. जी लेन्स जगात कुठंच नाही, तिचा आम्ही सौदा करायचो. ‘काय कंपनी, काय काढून राह्यलात यंदा?’ असं विचारतच तो दुकानात शिरायचा. त्याला पंच्याऐंशी एमएमची पाहिजे असायची, चेहऱ्यांच्या फोटोंची, वन पॉइंट टूची. म्हणजे तोंड एवढं मोठं की मंडपातल्या दोन बल्बांतही चेहरा उजळ यावा. मी म्हणायचो, देतो, पण काच मोठी म्हणजे वजन वाढणार, मान्य आहे का? तो म्हणायचा, वजन माझ्या खांद्याला, तुमच्या पोटात का दुखतंय? मी फोकसची मोटर हळू करून टाकायचो, तो पावसापाणी अडवणारं रबर सोडून मोटर परत मागून घ्यायचा. चहा गार व्हायचा. वर्षानुवर्षं चाललेल्या या सौद्यात उजेडावर त्यानं मला एकदाही मागं सरकू दिलं नाही.

मग तो नरमला. एके दिवशी म्हणाला, वन पॉइंट फोर चालंल. आकडा वाढला की लेन्सचं तोंड लहान आणि उजेड कमी. पुढच्या खेपेला म्हणाला, ‘वन पॉइंट एट द्या, पण हलकी काढा.’ मला आनंद झाला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. समोरचा खाली येतो तेव्हा का आलास असं कुणी विचारतं का? मला वाटलं, इतक्या वर्षांनी मोडला गडी. त्याच सुमारास त्याचं येणंही वाढलं. विचारलं तर म्हणाला, कामं कमी आहेत. खरं म्हणजे तो संभाजीनगरच्या दवाखान्यातून परत जाताना जालन्याला उतरत होता, दंडाला सुई टोचून घेऊन माझ्यासमोर बसत होता. बाही खाली ओढलेली असायची. शेवटच्या दुपारी तर तो पार मुठीत मावेल अशी लेन्स मागायला लागला. मी चिडून म्हणालो, ‘हातात दम न्हाई राह्यला तर मोबाईलवर काढ की लग्नं.’

तो हसला. म्हणाला, ‘बराबर बोलला कंपनी. मोबाईलला पट्टा कुठं लावू तेवढं सांगा.’

माहीत असतं तर मोबाईलचं ते वाक्य मी बोललो नसतो. मला ते बोलू दिलं गेलं.

मातीनंतर काही दिवसांनी मी परतूरला गेलो. भाभी, अन्वरची बायको, आतल्या खोलीत होत्या. युसूफनं मला अन्वरच्या खाटेजवळ बसवलं. युसूफच गेलं वर्षभर कॅमेरा धरत होता. भाई नुसता बाजूला खुर्ची टाकून बसायचा आणि कुठं उभं राहायचं ते सांगायचा. आजाराचं गल्लीला ठाऊक होतं. चहावाल्यालाही ठाऊक होतं. मी विचारलं, मलाच का नाही? युसूफ खाली बघून म्हणाला, ‘भाईनं शपथ घातल्ती. म्हणले, त्याला सांगितलं की तो दुकान बंद करून उशाशी येऊन बसंल. डॉक्टरशी भांडंल. सगळेच माझ्याशी दवाईचं बोलून राह्यले, एकजण तरी पुढच्या सालाचं बोलणारा राहू द्या.’

लोक म्हणतात, यात राग कसला, केवढा मान दिला त्यानं तुला. असेल. पण पुढचं साल त्याला नाही हे त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं, मग तो सौदा कसला? एकाच्या हातात सगळी पानं आणि दुसरा डोळे बांधून बसलेला. परवा पुन्हा अफवा आली, एक कंपनी छोटी, हलकी पंच्याऐंशीची आणतेय म्हणे. मी ती दुकानात उभ्यानंच वाचली. वजनावर काय बोलायचं, रबर कुठं कापायचं, सगळं डोक्यात तयार झालं... आणि समोर कोणी नाही. जालन्यात फोटोग्राफर ढिगानं आहेत. ते भाव विचारतात, घेतात आणि जातात.

भाभींना मी काही विचारणार नाही. त्यांनी पुष्कळ सोसलं आहे. पण युसूफ, तू शपथेमागं लपू नकोस. दवाखान्यात तू सोबत होतास, गाडीत होतास, जालना स्टेशनवर त्याला हात धरून उतरवायचास आणि माझ्या दुकानाच्या कोपऱ्यावर सोडून मागं फिरायचास. तिथून माझा आवाज ऐकू येत होता तुला. शपथ पाळलीस, ठीक. पण त्या सगळ्या दिवसांत, एखाद्या वाईट रात्री, तो एकदा तरी म्हणाला का, की आता त्याला सांग, बोलाव त्याला? म्हणाला असेल आणि तू बोलावलं नसशील, तर तो दोष तुझ्याकडे. म्हणाला नसेल, तर तसंही सांग. फोनवर नको. दुकानात ये, त्याच्या स्टुलावर बस, आणि माझ्या तोंडाकडे बघून सांग.