साडीवरची पाण्याची रेघ

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर असं की आमच्या घरचे म्हणतात, "कागदावरून कोंबडी गेली वाटते." सांभाळून घ्या.

माझी सून दुपारी पेपरातलं तुमचं हे अजब अनुभवांचं सदर मोठ्यानं वाचून दाखवते. मी भाजी निवडता निवडता ऐकायची आणि मनात हसायची. आमच्या नणंदबाईंच्या अंगात दर नवरात्रात येतं आणि चहा पुढे केला की उतरतं. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी बसलाच नाही. पण हे माझ्याच अंगावर झालं... तर खोटं कसं म्हणू? घरात कोणाला सांगितलेलं नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही. लिहिताना निदान समोर कोणी नसतं.

आमचं गाव बाळापूर तालुक्यात, मन नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी. नाव लिहीत नाही. उन्हाळ्यात गावात एक मॅडम आल्या — ऋतुजा मॅडम, अमरावतीच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. पूर आला तर कोणाचं किती नुकसान होईल, हे आधीच काढून ठेवायचं काम. त्यांच्या टॅबवर आमचं गाव वरून दिसायचं, घारीला दिसत असेल तसं. एकेका घरावर बोट ठेवायचं आणि भरायचं — भिंत मातीची की विटांची, ओटा किती उंच, माणसं किती, ढोरं किती. मग संध्याकाळी मॅडम अकोल्याला खोलीवर जाऊन कॉम्प्युटरमध्ये गावावर पाणी सोडायच्या. खरं नाही, नकाशावरचं. जे घर बुडेल ते लाल, आणि त्याच्यापुढे नुकसानीचा आकडा.

बाया अनोळखी माणसाला घरात घेत नाहीत, म्हणून मॅडमनी मला रोजानं सोबत घेतलं. माझं काम सोपं. मापाची काठी घेऊन दारात उभं राहायचं.

पहिलं घर शोभाचं, माझ्या शेजारणीचं. दारात काठी धरून उभी राहिले आणि पायाला गार लागलं. खाली पाहिलं तर साडीचा काठ घोट्यापर्यंत ओला! ओटा कोरडा ठण्ण. ऊन असं की चपलेचं रबर चिकटत होतं.

शोभा म्हणाली, "कावो बाई, नळावर भांडून आली का?"

मी म्हटलं, सांडलं असेल कुठं. पुढे कासाबाईंचं घर, नाल्याकडे उताराला. तिथं साडी गुडघ्यापर्यंत भिजली. दारातून हललं की भिजणं थांबायचं आणि उन्हात साडी वाळायची, पण गाळाची पिवळसर रेघ मागे राहायची. वासही गाळाचाच. मी कोणाला बोलले नाही. माझ्या वयाच्या बाईची साडी ओली दिसली की लोक काय समजतात, ते बायांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या निंबाखाली डबा खाताना मॅडमनी टॅब पुढे केला. "काकू, हे पाहा. शोभाताईंकडे घोट्याएवढं पाणी दाखवतंय. कासाबाईंकडे गुडघाभर."

नकाशावर पाणी सोडलं रात्री... आणि माझी साडी भिजली त्याच्या आधी, सकाळीच.

वाटलं, योगायोग असेल.

मग समाजमंदिराची पाळी आली. गावातलं सगळ्यात नवं बांधकाम, चांगलं उंच. नकाशावर ते कोरडं होतं, हिरवं. पूर आला तर सगळ्या गावानं इथं जमायचं, असं ठरलेलं. सरपंचांनी भिंतीवर 'पूर निवारा' म्हणून रंगवूनही घेतलं होतं. सरपंच आणि चार माणसं पायरीवर बसलेली. मी काठी घेऊन दारात उभी राहिले.

कमरेपर्यंत! एकदम. जसं कोणी थंड पाण्यात उतरवावं. काठी सुटली आणि मी साडी झाकायला तिथंच खाली बसले.

"काय झालं वो बाई, भोवळ आली का?" सरपंच म्हणाले. मागून कोणीतरी बोललं, "पाणी पाजा रे!" दुसरा म्हणाला, "पाणी तं लय झालं दिसते." हसले सगळे.

मॅडमनी आपली ओढणी माझ्याभोवती गुंडाळली आणि मला मागच्या बाजूला नेलं. त्या दिवशी गावचा बाजार होता. त्या गेल्या आणि एक साडी घेऊन आल्या — हिरवी, बारीक बुट्ट्यांची, सहाशे रुपयांची. मी म्हटलं, "फुकट घेणार नाही. उधार म्हणून घेते."

"बरं, उधार," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगा काकू, हे काय आहे?"

ओली साडी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला. जुन्या रेघा पाहिल्या, घोट्याची, गुडघ्याची.

मी सांगितलं, "मॅडम, इथं लोकायले नका आणू."

"काकू, ही जागा उंच आहे. कॉम्प्युटर कोरडी दाखवतोय."

"मले कॉम्प्युटरचं समजत नाही. पण पोरंसोरं घेऊन सारं गाव इथं बसन आन् पाणी आलं तं जाईन कुठं?"

त्या उदास हसल्या. "पण मी लिहू काय? साडी भिजली, असा रकानाच नाही ना यात."

तरी दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या आणि समाजमंदिराच्या मागे शेतातून फिरत राहिल्या. मागे नवा डांबरी रस्ता झालाय, भराव टाकून उंच केलेला. त्याच्याखाली नाल्यासाठी एकच पाईप, त्यातही काटे-कचरा अडकलेला. मॅडमच्या कॉम्प्युटरमधली जमीन रस्ता होण्याआधीची होती. त्यांनी भराव मोजला, नकाशात टाकला आणि परत पाणी सोडलं. पाणी रस्त्याला अडलं आणि मागे फिरलं. समाजमंदिर लाल झालं.

सरपंच चिडले. "एका बाईले भोवळ आली म्हणून निवारा बदलून राहिले का तुमी? रंगाचे पैसे कोण देते?"

"भोवळीसाठी नाही, भरावासाठी," मॅडम म्हणाल्या आणि नकाशा त्यांच्यापुढे धरला. साडीचं नाव काढलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सरपंचांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग जुन्या जिनिंग कारखान्याचं गोदाम ठरलं. कापसाच्या गाड्या लागायच्या म्हणून त्याचा ओटा छातीइतका उंच आहे. "उंदरायसोबत राहा आता," सरपंच जाता जाता म्हणाले.

पोळा होऊन गेल्यावर पाणी आलं. सकाळची वेळ, चुली पेटलेल्या. नदीकडून येईल म्हणून सगळे तिकडे पाहत होते, आणि आलं मागून, रस्त्याकडून. सारं गाव जिनिंगच्या गोदामात चढलं. सरपंचांनी आपल्या आईला पाठीवर आणलं. म्हातारी मला म्हणाली, "सरक व माय, जागा दे." कासाबाईंची भिंत पडली, कोणाच्या बकऱ्या वाहून गेल्या. माणूस एकही गेलं नाही.

पाणी उतरल्यावर मॅडम नुकसान पाहायला आल्या. आम्ही दोघी समाजमंदिरात गेलो. भिंतीवर गाळाची रेघ होती. जुनी साडी मी घरून पिशवीत आणली होती. तिच्यावरची कमरेची रेघ किती धुतली तरी गेली नव्हती. ती नेसले आणि दारात त्याच जागी उभी राहिले. मॅडमनी काठी आडवी धरली. भिंतीवरची रेघ आणि साडीवरची रेघ... एकच.

"फोटो काढू?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनीही फोन परत ठेवला.

भरावाचं कारण मला पटतं. पाणी का चढलं ते त्यातून समजतं. पण माझी साडी वैशाखात का भिजली, हे मॅडमनाही सांगता आलं नाही. मग आम्ही आणखी दोन गावं केली. तिथं माझा काठसुद्धा ओला झाला नाही. मीच का, तेही कळत नाही. बोलता न येणाऱ्या बाईला असं काही दाखवून काय उपयोग, असं कधी कधी वाटतं.

हिरवी साडी त्या एका दिवशी नेसले, धुतली आणि पेटीत ठेवली. मजुरी उशिरा, थोडी थोडी मिळायची; मिळाली तसे मॅडमना पैसे देत गेले, कधी शंभर, कधी पन्नास. शेवटचे शंभर द्यायला परवा अकोल्याच्या बसस्टँडवर गेले. त्यांना अमरावतीची गाडी धरायची होती.

"काकू, राहू द्या ना आता. मी कधीच विसरले ते."

"घ्या वो मॅडम," मी म्हटलं. "फिटल्याबिगर मले तुमची साडी नेसता येत नाही. पोरीच्या घरी बारसं हाय."

त्यांनी नोट घेतली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "फिटले, काकू. सगळे."