शेंदूर लावलेला हुक

दसऱ्याचा दुसरा दिवस, नांदेड. निजामाचं राज्य अजून होतं आणि मी एका जिनिंग-प्रेसमध्ये फिटर होतो... हो, इतका म्हातारा आहे मी. मी बोलतोय आणि नातसून टाइप करतेय, त्यामुळे चुका तिच्या.

मी मूळचा लातूरचा. प्रेसमध्ये माझ्याकडे काम होतं हवेवर चालणाऱ्या चेन कप्पीचं. छताच्या गर्डरला टांगलेलं यंत्र... इंजिनघरातून पाइपने दाबाची हवा यायची, दोरी ओढली की साखळी वर जायची आणि हुकाला अडकवलेली, दाबून बांधलेली रुईची जड गाठ उचलली जायची. विजेची मोटर तिथे नको होती, कारण एक ठिणगी उडाली तरी सगळा कापूस पेटला असता.

यंत्र गुणी होतं, फक्त निगा लागायची. पाइपात साचलेलं पाणी काढा, पातळ तेल घाला, साखळीची कडी न् कडी बघा, हुक फाकलाय का बघा, गाठ वीतभर उचलून ब्रेक धरतोय का बघा. एवढं केलं की ते कधी तक्रार करत नसे. तक्रारी माणसांच्याच असायच्या.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आता तुम्ही म्हणाल, त्यात वैतागण्यासारखं काय... तर ऐका. साखळीत झेंडूची फुलं ओवलेली, म्हणजे यंत्र सुरू झालं की चाकात पाकळ्यांचा लगदा. तेलाच्या डबीत खोबरेल, का तर सणाला मशीनचं काळं तेल बरं दिसत नाही. आणि हुकाला तेलात कालवलेला शेंदूर, इतका जाड की खालचं लोखंडच दिसेना.

हे सगळं किसनराव मुकादमांचं काम. लोह्याकडचे, शेतकरी घरातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. हवेत लटकलेली गाठ हाताने वळवून बैलगाडीवर नेमकी टेकवायचे तेच... म्हणजे हुक तुटला तर गाठ त्यांच्याच अंगावर यायची.

मी म्हटलं, हुक पुसून तपासल्याशिवाय हवा सोडणार नाही. व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याची किल्ली खिशात घातली.

"फिटरसाब, परवाच पूजा झाली न् तुम्ही देवाला राकेलनं पुसून राहिले का?" किसनराव म्हणाले.

"अहो, खाली तुम्हीच उभे राहता."

"म्हणून तर पूजा केली. लई जपतो तो मला."

बाहेर उमरी-भोकरकडच्या गाड्यांची रांग लागलेली, सणानंतर कामाचा पहिला दिवस, आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते की मीच सण बाटवला. हैदराबादचे मॅनेजरसाब दारातूनच म्हणाले, "पूजा का मामला है, मेरेकु बीच में नक्को लेओ," आणि चहा प्यायला गेले. माझं डोकं भणभणलं.

तेवढ्यात मला आईची गौरी-गणपतीची उत्तरपूजा आठवली. अक्षता वाहून मूर्ती जागची जराशी हलवली की देव आपल्या घरी गेला, उरली माती... मग ती कोणी उचलली तरी दोष नाही. मी विचारलं, "किसनराव, उत्तरपूजा केली का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीच केली नव्हती. मग काय... तांदळाचे चार दाणे मागवले, चपला काढल्या, हुकावर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि हुक बोटाने जरासा ढकलला. एक नट सैल असला तरी झोप न लागणारा माणूस मी, आणि भर कामाच्या वेळी पुरोहित झालो होतो.

किसनरावांनी क्षणभर विचार केला. "आता पुसा," म्हणाले.

रॉकेलच्या फडक्याने शेंदूर निघाला, लोखंड दिसायला लागलं. पण हुकाच्या वळणावर एक लाल रेघ राहिली... केसासारखी बारीक. पुन्हा घासलं, तरी रेघ तिथेच. नख फिरवलं तर अडकलं.

ती चीर होती. शेंदराचं तेल आत मुरलं होतं म्हणून लाल दिसत होती. सणाच्या आधी हाच हुक मी उजेडात धरून तपासला होता आणि मला काही दिसलं नव्हतं... शेंदूर नसता तर त्या दिवशीही दिसलं नसतं.

मी किसनरावांचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. त्यांनी रेघ पाहिली, मग वर गर्डरकडे पाहिलं, आणि जवळच्या गाठीवर खाली बसले.  

नवा हुक हैदराबादहून येईपर्यंत गाठी चौघाचौघांना खांद्यावर वाहाव्या लागल्या आणि त्याबद्दलच्या शिव्या मीच खाल्ल्या. चिरलेला हुक किसनरावांनी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. मला वाटलं, चला, एकदाचं समजलं यांना.

पुढच्या खंडेनवमीनंतर बघतो तर कोनाड्यातला हुक शेंदराने माखलेला, आणि कामाचा हुक कोरा. साखळीवर एक पाकळी नाही, डबीत बरोबर तेल. माझ्यासाठी एवढं सांभाळलं होतं त्यांनी... आणि मी विचारलं, "किसनराव, हुकाला शेंदूर का नाही लावला? आता चीर कशी दिसणार?"

किसनराव माझ्याकडे बघतच राहिले. "फिटरसाब, लावू का न्हाई ते एकदा ठरवा," म्हणाले. त्यांचा तो वैतागलेला चेहरा मला आजही दिसतो.

तेव्हापासून नियम पडला. नवमीला ते शेंदूर लावणार, दसऱ्यानंतर मी उत्तरपूजा करून पुसणार, आणि दोघं मिळून लाल रेघ शोधणार. त्यानंतर ती कधी सापडली नाही.

किसनराव पुढे लोह्याला आपल्या घरी, आपल्या अंथरुणात, खूप म्हातारे होऊन गेले. त्याआधी मी गेलो होतो भेटायला... मला अजून काय पाहिजे.