टॉर्चकाका आणि पांढराशुभ्र डोळा

आल्मेरे या डच शहरातल्या आमच्या गल्लीत टॉर्चकाका भेटले की नमस्काराच्या आधी समोरच्याची खालची पापणी ओढून बघत. बोटभर टॉर्च कायम खिशात. ते डॉक्टर नव्हते. सांगलीत औषधांच्या एका घाऊक दुकानात एकतीस वर्षं कारकुनी करून ते मुलीकडे, मेधाकडे, आमच्या शेजारी राहायला आले होते. एवढ्या भांडवलावर ते चौदा मराठी घरांची प्रकृती सांभाळत.

हाउसआर्ट्सवर, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरवर, त्यांचा विश्वास नव्हता. "पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा, हे सांगायला इतकी वर्षं शिकावं लागतं?" असं ते विचारत. त्यांची पद्धत सोपी होती. डोळ्याचा, जिभेचा किंवा पुरळाचा फोटो काढायचा आणि पुण्याला पुतण्याला पाठवायचा. पुतण्या दातांचा डॉक्टर होता. यावर आमच्यापैकी कोणीच कधी हरकत घेतली नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी आठवडाभर खोकून झाल्यावर एका सकाळी माझ्या उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात लालभडक डाग उमटला. काकांनी टॉर्च मारून 'रक्तस्राव' जाहीर केला, तीन बाजूंनी तीन फोटो काढले आणि माझ्या बायकोला घाबरवून सोडलं. मी हाउसआर्ट्सकडे फोन केला. तिथल्या असिस्टंट बाईंनी विचारलं, दुखतं का, दिसण्यात फरक पडलाय का, मार लागलाय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. चारही उत्तरं 'नाही'. वरची बारीक शीर फुटली असेल, दोनेक आठवड्यांत जाईल, पण दुखू लागलं किंवा दिसेनासं झालं तर लगेच कळवा, असं त्या म्हणाल्या. डाग बाराव्या दिवशी गेला. काकांनी श्रेय पुतण्याने सुचवलेल्या गुलाबपाण्याला दिलं. ते मी घातलंच नव्हतं.

यंदा जानेवारीत काका पेपर वाचताना हाताने माशा वारू लागले. जानेवारीत इथे माशी नसते. खोदून विचारल्यावर कळलं की तीन दिवस डाव्या डोळ्यासमोर काळे दोरे तरंगतायत, मध्येच वीज चमकते आणि सकाळपासून एका बाजूने धुरकट पडदा आलाय.

"विनय, फोटो बघ. लाल टिपूस तरी आहे का? पांढराशुभ्र. पुतण्या म्हणाला, डोळा उत्तम."

मी फोन लावला. त्याच बाई, तेच प्रश्न. दुसऱ्याच उत्तराला त्यांनी मला थांबवलं. इथल्या माझ्या नऊ वर्षांत त्यांना घाई झालेली मी पाहिली नव्हती. "आत्ता निघा," त्या म्हणाल्या.

हॉस्पिटलमध्ये नेत्रतज्ज्ञांनी समजावलं, आतलं रक्त बाहेरून दिसत नाही. ज्याचं असतं त्यालाच ते दोऱ्यांसारखं दिसतं. डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, फाटून सुटत चालला होता. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. तीन दिवस का थांबलात, असं त्यांनी सरळ विचारलं. मी भाषांतर केलं.

काकांनी खिशातला टॉर्च चाचपला. मग म्हणाले, "काहीतरी बिघडलंय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं रे. पण चौदा घरं मला विचारतात. मी कोणाला विचारायचं?"

मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं, की फोन करायला उशीर झाला.

डाव्या डोळ्याला आता उजेड कळतो, माणूस नाही. मे महिन्यात काका सांगलीला परत गेले. विमानतळावर मी नकळत त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो होतो. ते मेधाला विचारत होते, "विनय आला नाही का?"