पहिली खेप, आंधळगाव ते साकोली

आंधळगावातून निघताना आई परातीत पाणी घेऊन माझ्या ट्रकचे पाय धूत होती. चाकं नव्हे, पायच म्हणत होती ती. दारात नवं जनावर आलं की असंच करायचं, मग ते डिझेल पिणारं का असेना! ट्रक तसा नवा नव्हता. आधीच्या मालकांनी त्याचा पार जीव काढला होता. पण इतकी वर्षं दुसऱ्याचं स्टिअरिंग फिरवून आता मी स्वतः मालक झालो होतो आणि छाती शर्टात मावत नव्हती.

"त्याले पाणीबी पाजलं गा, हळद घालून," आई म्हणाली. रेडिएटरमध्ये ओतलं असेल, असं समजून मी तिच्या पाया पडलो.

पहिलं भाडं दामाजी पाटलांच्या बैलजोडीचं, साकोलीच्या पटाचं (बैलांच्या शर्यतीचं). चिखल्याच्या खाणीवरचा एक वाहतूक ठेकेदारही तिथं येणार होता आणि त्याला खनिज वाहायला आणखी एक ट्रक भाड्यानं हवा होता.

"बैल वेळेवर पोचव, तुयं नाव त्याच्या कानावर टाकतो," पाटील म्हणाले.

"आन् नाही पोचले त?"

"त या गाडीत कोंबड्या पाळ."

मोहाडी गेलं, भंडारा गेलं. पाटील मागे बैलांजवळ तणशीवर (धानाच्या पेंढ्यावर) बसलेले. पटाचा बैल म्हणजे घरचा जावई. त्याला नांगराला जुंपत नाहीत, डांबरावर चालवत नाहीत, अंडी आणि तूप चारतात. दर खड्ड्याला मागून थाप पडे. "हळू गा! राजाचं पोट हालून राहिलं!" लाखनीला आम्ही तर्रीपोहे खाल्ले. जावयांनी टपरीवाल्याचा गूळ संपवला.

साकोली जवळ आली, एक बोडी (लहान तळं) दिसली, तोच गाडीनं आचके दिले आणि ती मेली. फिल्टर उघडतो तर आत पाणी, पाण्यात हळदीचा गाळ. अगं माझे आई! तिनं थेट डिझेलच्या टाकीतच पाजलं होतं. टाकी धुऊन, पाइप झटकून, हवा काढेपर्यंत पट उरकला असता.

"पाटील, साकोली ते काय दिसून राहिली. बैल चालवत नेऊ."

"डांबरावर? खूर झिजवाले? तू चाल, मी चालतो. राजा नाही चालणार!"

पाटलांनी पटाला निघालेल्या बंड्या (बैलगाड्या) अडवल्या. त्यांचे बैल सोडून दोरखंडांनी माझ्या बंपरला बांधले. मग निघाली वरात. पुढे बैल ट्रक ओढताहेत, ट्रकात बैल उभे राहून रवंथ करताहेत, आणि मी मालक स्टिअरिंग धरून रडकुंडीला आलोय. वाटेत एका म्हाताऱ्यानं हात जोडले. "कोणता देव होय गा?"

"राजा," पाटील वरून म्हणाले. म्हाताऱ्यानं बॉनेटवर फूल ठेवलं.

पटावर एकच गलका झाला! ठेकेदार माझ्याकडे आला, हसून हसून डोळे पुसत. "भाऊ, गाडी चांगली हाये. पन खाणीवर येवढे बैल कुठून आणू मी?" आणि दुसऱ्या ट्रकवाल्याच्या खांद्यावर हात टाकून गेला. त्यात राजाची जोडी पहिली आली, पाटलांना लोकांनी उचलून घेतलं, आणि मी पटाशेजारच्या बांधावर बसून खरंच रडलो.

तिथंच पटवाल्यांनी मला घेरलं. पाटलाचे बैल एवढे ताजे कशानं, हे त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. "आमची जोडी तुयाच गाडीत नेजो."

मी डोळे पुसले. "उद्याच गाडी दुरुस्त करतो!"

"कायले?" सगळे एकदम ओरडले. "इंजिनानं बैलाचं पोट हालते!"

दुसऱ्या दिवशी पाटील जोडीसह सत्कार घ्यायला साकोलीतच थांबले, मी टाकी धुऊन एकटाच परत निघालो. इंजिन मस्त चाललं. रस्ताभर वाटत होतं, नोकर होतो तेव्हा निदान गाडी चालवायला तरी मिळत होती. मालकाचं काही खरं नाही. आंधळगावच्या वेशीवर पोचलो तर बातमी माझ्याआधीच आलेली. तीन पटवाले जोड्या सजवून, दोर खांद्यावर टाकून, ट्रक ओढायला बंड्यांचे बैल घेऊन उभे.

एकानं हात वर केला. मी मुकाट्यानं इंजिन बंद केलं आणि गिअर न्यूट्रलला टाकला.