शेअर करा

पावसाचं पाणी कामोठ्यातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात गुडघाभर चढलं. सोफा भंगारात गेला आणि ह्यांची सुटलेली दारू परत आली. सोफ्याचं मला काही वाटलं नाही. दारूचा मात्र असा संताप आला की विचारू नका.

मुलीने शोधाशोध करून पूर सोसलेल्यांसाठीचा एक ऑनलाइन ग्रुप काढला. दर रविवारी सकाळी एक समुपदेशक बाई मोबाइलवर सगळ्यांशी बोलायच्या, मनाबद्दल आणि व्यसनाबद्दलही. ह्यांनी अट घातली, "बिल्डिंगमध्ये कुणाला कळलं तर मी परत बसणार नाय."

पहिल्याच रविवारी बाई गोड आवाजात म्हणाल्या, "लाजू नका काका. मोकळेपणाने शेअर करा."

हे आज्ञाधारक. चष्मा पुसला, शेअरचं बटण दाबलं आणि मीटिंगची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळे झाले.

बघता बघता स्क्रीन भरली. बनियनवरचे चेअरमन. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, लसूण सोलत.

"जनरल बॉडी आहे का? नोटीस कुठाय?" चेअरमन गरजले.

ह्यांचा चेहरा पडला. फोन बंद करायला बोट पुढे गेलं, ते मी घट्ट धरून ठेवलं.

बाईंना वाटलं, नवीन मंडळी आली. त्यांनी चेअरमनना विचारलं, "आभाळ भरून आलं की तुम्हाला कसं वाटतं?"

चेअरमननी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "खरं सांगू मॅडम? ढग दिसला की मी गाडी काढतो नि उड्डाणपुलावर जाऊन बसतो. घरी सांगतो, पेट्रोल भरायला चाललो."

"आमी फ्रिज विटांवर चढवलाय," काकू म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावर!

मला हसू आवरेना. हेही हसले, पाणी ओसरल्यापासून पहिल्यांदाच. आणि हसता हसताच बोलून गेले, "मी परत प्यायला लागलोय."

चेअरमनच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

"पुलावर एकट्याला कंटाळा येतो," चेअरमन म्हणाले. "तुमी येता का? पण गाडीत फक्त चहा हां."

तेव्हापासून आभाळ आलं की खाली हॉर्न वाजतो आणि हे थर्मास घेऊन पळतात. परत आले की मी दारातच त्यांचं तोंड हुंगते. चिडतात, पण वाकतात. अजून तरी आल्याच्या चहाचाच वास येतो.